हरिहरचा जिना : पार्श्वभूमी

कोकणातला माल गोंदा घाटाने वर चढून त्र्यंबकमार्गे नाशिकच्या बाजारात यायचा. त्या वाटेवर पहाऱ्याला दोन गड, एकीकडे हरिहर आणि समोर बसगड. हरिहर यादवकाळातला मानतात. पुढे तो निजामशाहीत होता. 1636 मध्ये शहाजीराजांना माघार घ्यावी लागली तेव्हा त्र्यंबकगडाबरोबर मुघलांकडे गेला. 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, 1689 मध्ये मुघल सरदार मातबर खानाने पुन्हा घेतला.

या गडाला तटाची फारशी गरजच पडली नाही. चहूबाजूंनी उभा कातळ, आणि वर जायला त्याच कातळात खोदलेला एक अरुंद जिना. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना हात रोवायला खोबण्या आहेत. उतरताना त्यांची किंमत कळते. जिना संपतो तिथे छोटा दरवाजा. आत शिरलात की गड आला असं वाटतं, पण तसं नाही. पुढे कड्याच्या पोटात कोरलेली वाट, डोक्यावर कातळाचं छत. वाकूनच चालायचं, एका अंगाला सरळ दरी. मग पुन्हा पायऱ्या, आणखी खड्या, आणि शेवटचा दरवाजा. तलवार उपसायला जागा नाही, मागच्याला पुढे यायला वाट नाही. वरून चार धोंडे सोडले की काम झालं.

1818 मध्ये त्र्यंबक पडल्यावर आजूबाजूचे गडही इंग्रजांच्या ताब्यात आले. कॅप्टन ब्रिग्जने हरिहरचा जिना पाहिला आणि त्याच्या भयंकर चढाला शिडीचीच उपमा दिली. मराठ्यांना गड पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून इंग्रजांनी सह्याद्रीत ठिकठिकाणी तट पाडले, वाटा सुरुंगाने उडवल्या. इगतपुरीकडच्या अलंग-मदन गडांवर पायऱ्यांची ही गत झाली. आज तिथे दोर लावल्याशिवाय वर जाता येत नाही.

हरिहरचा जिना मात्र राहिला. ब्रिग्जला तो इतका आवडला की त्याने तोडू दिला नाही, असं गडावर हमखास ऐकायला मिळतं. मला काही हे पटत नाही. जिना आवडला म्हणून कुठला फौजी सुरुंग परत नेईल?

माथ्यावर बांधकाम थोडंच उरलंय. पाण्याची टाकी, मारुतीचं ठिकाण आणि एक दगडी कोठी. कोठीचं छप्पर अजून शाबूत आहे, आणि आत जायचं तर खिडकीएवढ्या दारातून सरपटत जावं लागतं.