दोन-तीन प्रोजेक्टरच्या पडद्यासाठी व्हिडिओ कसा तयार करावा

हे पत्रक कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींसाठी आहेच, पण त्याहून जास्त ते तुमच्या व्हिडिओ एडिटरसाठी आहे. काम सुरू करण्याआधी त्याच्या हातात द्या. व्हिडिओ तयार झाल्यावर दिलं तर त्याचा उपयोग निम्माच राहतो.

छत्रपती संभाजीनगरपासून नांदेड-लातूरपर्यंत गॅदरिंग असो, महानाट्य असो की १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्रामाचा कार्यक्रम, हल्ली मागचा पडदा रंगमंचाच्या पूर्ण रुंदीचा हवा असतो. समजा पडदा २४ फुटी आहे आणि प्रोजेक्टरची लेन्स १.५ ची आहे, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं. एकाच प्रोजेक्टरवर भागवायचं म्हटलं तर तो ३६ फूट लांब ठेवावा लागेल. शिवाय चित्राची उंची साडेतेरा फूट होणार आणि एवढ्या क्षेत्रावर पसरलेला उजेड फिका पडणार. दोन प्रोजेक्टर शेजारी-शेजारी लावले की २० फुटांत काम होतं आणि चित्रही उठून दिसतं.

आधी कॅनव्हास, मग एडिटिंग

छपरावर पत्रे टाकताना एकाची कड दुसऱ्यावर चढवतात, तशी दोन प्रोजेक्टरची चित्रं आम्ही प्रोजेक्टरवाले मधे एकमेकांवर चढवतो. हा पट्टा साधारण २० टक्क्यांचा असतो. त्यामुळे १९२० पिक्सेलचे दोन प्रोजेक्टर मिळून ३८४० नाही, तर ३८४ वजा जाऊन ३४५६ पिक्सेलची रुंदी मिळते. उंची १०८० च राहते. हाच तुमचा कॅनव्हास, म्हणजे व्हिडिओचं पूर्ण माप. तीन प्रोजेक्टर असतील तर रुंदी ४९९२. ऑर्डर पक्की झाली की आम्ही याच मापाचा एक नकाशा पाठवतो. त्यात चढलेला पट्टा लाल रंगात दाखवलेला असतो. एडिटरने तो सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवून काम करावं आणि एक्स्पोर्ट करताना तेवढा बंद करावा.

नेहमीच्या १९२० बाय १०८० मध्ये व्हिडिओ करून “तुम्हीच ताणून घ्या” असं सांगणारे बरेच भेटतात. तो ३४५६ रुंदीला नेला तर उंची १९४४ होते आणि पडद्यावर मावते १०८०. उरलेले ८६४ पिक्सेल, म्हणजे जवळपास ४४ टक्के चित्र, वर-खाली कापलं जातं. नुसतं आडवं ताणलं तर माणसं बसकी दिसतात. पाहुण्यांचा सत्कार चालू असताना हे बरं दिसत नाही. जुनं फुटेज वापरायचंच असेल तर ते कॅनव्हासच्या एका भागात चौकटीत बसवा आणि उरलेल्या जागेत नाव, जुने फोटो किंवा नक्षी टाका. मोबाइलवर उभे काढलेले व्हिडिओही असेच दोन-तीन शेजारी ठेवले की छान दिसतात.

मधोमध काय ठेवू नये

दोन प्रोजेक्टरच्या कॅनव्हासमध्ये चढलेला पट्टा येतो नेमका मध्यभागी, १५३६ ते १९२० पिक्सेलच्या दरम्यान. आणि एडिटरचा हात आपसूक मध्यभागीच जातो. प्री-वेडिंगमधले नवरा-नवरी मधोमध, संस्थेचा लोगो मधोमध, अजिंठ्याच्या पद्मपाणीचा चेहराही मधोमध. त्या पट्ट्यात एकाच जागी दोन प्रोजेक्टरचा उजेड पडतो. वाऱ्याने पडदा हलला किंवा कोणाचा ट्रसला, म्हणजे सांगाड्याला, धक्का लागला, की पहिल्यांदा बिघडते ती हीच जागा. २४ फुटी पडद्यावर एक पिक्सेल म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर. दोन-तीन पिक्सेलचा फरक डोंगरावर किंवा गर्दीत कळत नाही, डोळ्यांच्या कडेवर लगेच कळतो.

देवनागरी मजकुराचं दुखणं त्याहून मोठं. शिरोरेषा ही लांबलचक आडवी सरळ रेघ. उंचीत एका पिक्सेलची चूक झाली तरी पट्ट्यापुरती ती दुहेरी दिसते, आणि पुढच्या रांगेतला माणूस मजकूर सोडून तेच बघत बसतो. म्हणून अभंगाची ओळ, मान्यवरांची नावं, कार्यक्रमाचं शीर्षक यातलं काहीही लाल पट्ट्यातून जाऊ देऊ नका. ओळ मोडून थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी मांडा. शीर्षक मधोमधच हवं असा आग्रह असेल तर तीन प्रोजेक्टर घ्या. तिथे पट्टे १५३६ ते १९२० आणि ३०७२ ते ३४५६ असे दोन बाजूंना जातात आणि मधली जागा मोकळी मिळते. खर्च वाढतो, पण नाटकासाठी आम्ही तोच सल्ला देतो.

अक्षर केवढं असावं? दोन प्रोजेक्टरच्या २४ फुटी पडद्यावर १२ पिक्सेल म्हणजे एक इंच. शेवटची रांग शंभर फुटांवर असेल तर आमचा ठोकताळा सहा इंचांचा, म्हणजे ७२ पिक्सेल, तेही वेलांटी-मात्रा न धरता. फ्लेक्सवाल्याकडून आलेला मजकूर बहुतेक वेळा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असतो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याची भलतीच अक्षरं होतात. काही एडिटिंग सॉफ्टवेअर युनिकोडमध्येही जोडाक्षरं फोडतात. मजकूर बसला की घरातल्या जाणत्या माणसाकडून एकदा वाचून घ्या आणि मगच तो चित्र म्हणून पक्का करा.

ब्लेंड तुम्ही करू नका

हुशार एडिटर कधी कधी व्हिडिओचे डावा-उजवा असे दोन तुकडे करून, कडांना फेड देऊन, म्हणजे चित्र कडेकडे हळूहळू अंधुक करून पाठवतो. यालाच ब्लेंड म्हणतात. मेहनत वाया जाते. फेडच्या मधोमध सिग्नल निम्मा असला तरी २.२ गॅमाच्या (सिग्नलच्या मानाने उजेड किती पडतो ते ठरवणारा आकडा) प्रोजेक्टरमधून उजेड निम्मा येत नाही, तो येतो पूर्ण उजेडाच्या सुमारे २२ टक्के. दोन्हीकडचा मिळून ४४. पडद्यावर सरळ काळपट उभा पट्टा दिसतो. निम्म्या उजेडासाठी सिग्नल ७३ टक्क्यांच्या आसपास लागतो. फेडचा हा वक्र आम्ही जागेवर, त्या दिवशीच्या प्रोजेक्टरनुसार लावतो. आम्हाला एकच सलग फाइल द्या. एकाच मशीनवरून चालवल्याने दोन्ही बाजू एका फ्रेमवर राहतात.

काळ्या रंगाबद्दल मात्र आमचेही हात बांधलेले आहेत. प्रोजेक्टर पूर्ण काळं दाखवूच शकत नाही, थोडा उजेड झिरपतोच. चढलेल्या पट्ट्यात तो दुप्पट होतो आणि रात्रीच्या प्रसंगात राखाडी पट्टा जाणवतो. बाकीचा भाग किंचित उजळून आम्ही तो लपवतो, पण त्यात काळ्याची खोली जाते. म्हणून रात्र दाखवायची तर सपाट काळी नको. देवगिरीच्या तटाची दगडी पोत, ढग, धूर असं काहीतरी त्यात राहू द्या. सपाट पांढरं किंवा एकसारखं निळं आकाशही टाळलेलं बरं, कारण दोन प्रोजेक्टरच्या रंगातला फरक तिथेच उघडा पडतो. ब्लॅकआउटच्या जागा कळवा, तिथे आम्ही शटर बंद करतो.

वेग आणि फ्रेम

रुंद पडद्यावर हालचाल वेगळीच दिसते. महानाट्यातला घोडा एका सेकंदात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवला तर सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत तो दर फ्रेमला जवळजवळ फूटभर उडी मारतो. मोबाइलच्या स्क्रीनवर झकास दिसलेला शॉट इथे अडखळतो. वेगवान दृश्यं ५० फ्रेममध्ये करा किंवा घोड्याला जरा दमाने पळवा. सगळी फाइल २५ किंवा ५० फ्रेमचीच ठेवा, त्यात ३० मिसळू नका. मोबाइलच्या फुटेजचा फ्रेमरेट मधेच बदलतो, तो आधी स्थिर करून घ्या.

फाइल हॅप कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे व्हिडिओ साठवण्याची पद्धत) द्या, जमत नसेल तर प्रोरेसमध्ये. हॅपला रुंदी-उंची चारने भाग जाणारी लागते, आमच्या नकाशात ते पाहिलेलं असतं. फाइल मोठी होते, दोन प्रोजेक्टरची २५ फ्रेमची असेल तर मिनिटाला पावणेतीन जीबीच्या आसपास. व्हॉट्सअॅपवरून आलेला व्हिडिओ आम्ही चालवत नाही, स्पष्ट सांगतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून आणा. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि हे नेमकं कार्यक्रमाच्या सकाळी लक्षात येतं.

लाइटवाल्यांशी एकदा बोला

समोरून मारलेला पार लाइट (रंगमंचाचा झोतदिवा) पडद्यावर सांडला तर महागडा व्हिडिओही धुऊन निघतो. कलाकार पडद्यापासून सहा-आठ फूट पुढे राहू द्या आणि लाइट वरून व बाजूंनी घ्या. लाइटवाले आमचे नसतील तर त्यांचा नंबर आम्हाला द्या, आम्ही बोलून घेऊ.

फाइल कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी हवी. चाचणी त्याच पडद्यावर, अंधार पडल्यावरच होते. उघड्या मैदानावर मे महिन्यात सूर्यच सातच्या सुमारास मावळतो, म्हणून कार्यक्रमपत्रिका छापायला देताना पहिला व्हिडिओ साडेसातच्या पुढे धरा आणि त्याआधीचा वेळ दीपप्रज्वलन, स्वागत आणि भाषणांना द्या.