कुत्रा : मालकाचा आवाज आणि पडदा (मराठवाडा)

पाळीव कुत्रा आपल्या माणसाला वासावरून, आवाजावरून आणि चालण्या-वळण्याच्या लकबीवरून ओळखतो. फोन किंवा टीव्हीच्या पडद्यात वास नसतो, लकब बोटभर होऊन बसते आणि आवाज तेवढा बऱ्यापैकी पोचतो. पडद्यातल्या मालकाशी कुत्रा कसा वागतो, याचे बरेचसे उत्तर एवढ्यातच आले. या विषयावरचे प्रयोग गेल्या काही दशकांत बुडापेस्ट, क्योटो, लाइपझिग अशा ठिकाणी झाले. मराठवाड्यात हा प्रश्न ओसरीवर आला. घरातला कर्ता माणूस ऊसतोडीला किंवा पुण्याच्या कंपनीत गेला, की संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर आधी लेकरे, मग म्हातारी आणि शेवटी ‘मोत्याला दाखव की गं’ म्हणून कुत्र्यापुढेही फोन धरला जाऊ लागला.

हाक. कुत्र्याशी बोलण्याचे मराठीतले शब्द थोडेच आहेत आणि त्यांना व्याकरण नाही. बोलवायला ‘यू, यू, यू’, अंगावर सोडायला ‘छू’, हाकलायला ‘हाऽऽड’. मेंढरांमागच्या धनगराचे आणि आखाड्यावरच्या (शेतातल्या गोठ्याला परभणी-हिंगोलीकडे आखाडा म्हणतात) सालगड्याचेही काम एवढ्यावर भागते. हे शब्द कोणी ठरवून केले नसतील, पण त्यांची घडण अचूक आहे. अमेरिकी संशोधक पॅट्रिशिया मॅकॉनेल यांनी वेगवेगळ्या भाषांतल्या मेंढपाळांच्या व जनावरे शिकवणाऱ्यांच्या हाका तपासल्या. तुटक, भराभर पुन्हा पुन्हा येणारे स्वर जनावराला हलवतात आणि लांब ओढलेला, उतरता स्वर त्याला थांबवतो, असे त्यांना आढळले. ‘यू, यू, यू’ पहिल्या जातीचा आहे आणि बैलाला थांबवताना ओढलेला ‘होऽऽ’ दुसऱ्या. ‘हाऽऽड’मध्ये मात्र स्वराबरोबर दगडासाठी वाकलेला हातही असतो, त्यामुळे त्याचे श्रेय एकट्या आवाजाला देता येत नाही.

नावेही मोत्या, वाघ्या, काळ्या, राजा, टायगर अशी दोन-अडीच अक्षरी. यातले वाघ्या हे नाव थेट खंडोबाकडे जाते. खंडोबाचा वाघ्या हा भक्त स्वतःला देवाचा कुत्रा मानतो, कोटंब्यातून भिक्षा घेतो आणि देवापुढे भुंकतोही. नळदुर्गाजवळच्या अणदूर-मैलारपूरपासून नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावापर्यंत हे दैवत मराठवाड्यात खोल रुजलेले आहे. माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराबरोबर कुत्र्यांचे प्रदर्शनही भरते. धन्याच्या हाकेला ओ देणे ही कुत्र्याची व्याख्या येथे भक्तीच्या भाषेतही मुरलेली आहे.

कान. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ६७ ते ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. म्हणजे खर्जात आपण थोडे पुढे आणि तारसप्तकात कुत्रा कितीतरी पुढे. बोलणे मात्र दोघांच्याही पट्ट्यात आरामात बसते. बुडापेस्टच्या ओट्वोश लोरांड विद्यापीठात ऑत्तिला ऑंदिच आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना न बांधता, गुंगी न देता, मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये निश्चल पडून राहायला शिकवले. ही मेहनतही कमी नव्हे. २०१४ साली त्यांनी दाखवले, की माणसाप्रमाणे कुत्र्याच्या मेंदूतही आवाजांना, म्हणजे कोणाच्या तरी गळ्यातून निघालेल्या ध्वनीला, खास प्रतिसाद देणारे भाग आहेत. २०१६ च्या प्रयोगात कौतुकाचे शब्द कौतुकाच्या सुरात, तेच शब्द सपाट सुरात आणि कौतुकाशी संबंध नसलेले साधे शब्द लाडाच्या सुरात ऐकवले. बक्षीस मिळाल्यावर जागा होणारा मेंदूचा भाग शब्द आणि सूर दोन्ही जुळले तेव्हाच जागा झाला. ‘लबाड आहेस रे तू’ हे लाडात म्हटले की कुत्रे शेपटी हलवते आणि आपण म्हणतो, त्याला नुसता सूर कळतो. त्याला त्याहून जास्त कळते.

किती जास्त, हे कुत्र्या-कुत्र्यावर आहे. लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत २००४ साली तपासलेल्या रिको या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला दोनशेच्या आसपास वस्तूंची नावे येत होती. अमेरिकेतल्या चेसर या त्याच जातीच्या कुत्रीला १,०२२ वस्तूंची नावे येत असल्याचे २०११ मध्ये नोंदवले गेले. ही मंडळी अपवाद होत. सामान्य घरातले कुत्रे स्वतःचे नाव, ‘चल’, ‘भाकर’ आणि बहुधा शेजाऱ्याच्या मांजराचे नाव ओळखून समाधानी असते.

मालकाचा आवाज वेगळा काढण्याची परीक्षा बुडापेस्टमध्येच झाली आणि ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. २८ कुत्र्यांपुढे दोन आडोसे ठेवले, एकामागे मालक आणि दुसऱ्यामागे परका माणूस. दोन्हींमागून भावनारहित सुरातले आवाज स्पीकरवरून ऐकवत. ८२ टक्के वेळा कुत्री मालकाकडे गेली. मग एक खोडी केली : मालकाचा आवाज परक्याच्या आडोशातून वाजवला. वास एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. कुत्री आवाजाकडे गेली. नाकावर जगणारा प्राणी म्हणून ज्याची ख्याती, त्याने निदान या खोलीत कानाचे ऐकले. आवाजाची उंची आणि त्यातला घोगरेपणा या दोन गोष्टींत मालक व परका जितके निराळे, तितकी ओळख सोपी गेली.

मराठवाड्यातल्या कुत्र्याच्या कानावर पडणारी भाषा एकच नसते. गावात मराठी आणि दखनी, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-उमरग्याकडे कन्नड, तांड्यावर गोरबोली. लॉरा क्वाया ही संशोधक मेक्सिकोहून हंगेरीला राहायला गेली तेव्हा तिच्या कुन-कुन या कुत्र्याला भोवतालची भाषा बदलल्याचे कळते का, असा प्रश्न तिला पडला. त्यातून झालेल्या प्रयोगात स्पॅनिश आणि हंगेरियन ऐकताना कुत्र्यांच्या मेंदूत वेगवेगळे नमुने उमटले, म्हणजे ओळखीची आणि अनोळखी भाषा त्यांना वेगळी करता आली. आपल्याकडचा एक प्रकार त्यात तपासलेला नाही : छत्रपती संभाजीनगरातल्या कितीतरी घरांत माणसे एकमेकांशी मराठीत बोलतात आणि लॅब्रॅडॉरशी इंग्रजीत. त्या कुत्र्याच्या लेखी इंग्रजी ही त्याची स्वतःची बोली असणार.

यंत्रातला आवाज. जुन्या घरांत एच.एम.व्ही.च्या (हिज मास्टर्स व्हॉइस, म्हणजे धन्याचा आवाज) तबकड्या असत आणि त्यांच्या मधोमध कर्ण्यात कान घालून बसलेला कुत्रा. तो निपर नावाचा खराखुरा इंग्लिश कुत्रा होता. त्याचा पहिला मालक १८८७ मध्ये वारला, तेव्हा मालकाचा भाऊ फ्रान्सिस बॅरॉड याने त्याला सांभाळले. निपर १८९५ मध्ये मेला आणि त्यानंतर बॅरॉडने आठवणीतून चित्र काढले. मूळ चित्रात फोनोग्राफ (तबकडीऐवजी नळकांड्यावर चालणारे यंत्र) होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये ते घेतले तेव्हा फोनोग्राफवर रंग फिरवून त्या जागी ग्रामोफोन आला. यंत्रातून आलेला धन्याचा आवाज कुत्रा ओळखतो ही कल्पना अशी जाहिरातीतून घरोघर पोचली आणि प्रयोगांनी तिला पुष्टी मिळायला शंभर वर्षे लागली. चित्रातली कललेली मानही निव्वळ गोंडसपणा नसावी. बुडापेस्टच्याच २०२१ च्या अभ्यासात खेळण्याचे नाव घेऊन ते आणायला सांगितले, तेव्हा भरपूर नावे शिकलेल्या कुत्र्यांनी ४३ टक्के वेळा मान कलती केली, साध्या कुत्र्यांनी २ टक्के. मान कलते तेव्हा कुत्रा ऐकलेल्यावर काही काम करत असतो, असे दिसते.

आता ओसरीवरचा फोन. बीड जिल्ह्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. काही कुत्री बैलगाडीखालून चालत टोळीबरोबर जातात. बाकीची आजा-आजीजवळ राहतात. फोनवर धन्याचा आवाज आला की मागे राहिलेले कुत्रे उठते, कान टवकारते, फोनकडे एकदा पाहते आणि पुष्कळदा वाटेकडे धावते. घरचे हसतात, त्याला कॉल कळला नाही म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ते कुत्रे बरोबर वागत असते. क्योटोतल्या २००७ च्या प्रयोगात कुत्र्यांना आधी एक आवाज ऐकवला आणि मग पडद्यावर चेहरा दाखवला. मालकाच्या आवाजानंतर परक्याचा चेहरा आला, किंवा उलट झाले, तर कुत्री पडद्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. म्हणजे आवाज ऐकताच मालकाचा चेहरा त्यांच्या मनात येऊन बसतो आणि समोर भलतेच आले की खटकते. ओसरीवरच्या कुत्र्याच्या मनातही धनी आलेला आहे. आणि आलेला धनी नेहमी वाटेवरून येतो, खिशातल्या पाटीतून नाही.

डोळा आणि पडदा. माणसाच्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात, कुत्र्याच्या दोन. त्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो. तांबडा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. टीव्हीचे तांबडे-हिरवे-निळे ठिपके माणसाच्या डोळ्याला डोळ्यापुढे ठेवून बेतलेले असल्यामुळे त्यावरचे रंग कुत्र्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. दृष्टीची तीक्ष्णताही कमी : माणूस जी खूण ७५ फुटांवरून ओळखतो ती कुत्र्याला साधारण २० फुटांवर उमगते. याउलट लुकलुक पकडण्यात कुत्रा आपल्या पुढे आहे. सेकंदाला पन्नास-साठ वेळा लुकलुकणारा प्रकाश आपल्याला सलग वाटतो, कुत्र्याला त्यासाठी सत्तर-ऐंशी वेळा लुकलुकावे लागते. आपल्याकडचे जुने डब्यासारखे टीव्ही सेकंदाला ५० वेळा उजळत, म्हणजे सगळे घर पौराणिक मालिकेत रमलेले असताना कुत्र्यापुढे एक फडफडणारी पेटी असे. त्याने पाठ फिरवून झोपणे पत्करले यात नवल नाही. आताच्या एलईडी पडद्यांवर ही फडफड जवळजवळ गेली आणि ‘आमचं कुत्रं टीव्ही बघतं’ हे वाक्य ऐकू येऊ लागले.

कोणते कुत्रे, हाही मुद्दा आहे. लातूर जिल्ह्यात, विशेषतः चाकूर तालुक्यातल्या जानवळ परिसरात, कारवानी आणि पश्मी ही लांब तोंडाची, सडसडीत, नजरेवर शिकार करणारी कुत्री जोपासली गेली. सिडनी विद्यापीठाचे पॉल मॅकग्रीव्ही यांनी २००४ मध्ये दाखवले, की लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर चेतापेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, आखूड तोंडाच्यांत त्या मध्याजवळ एकवटतात. आडव्या पट्ट्याचा डोळा क्षितिजावर पळणारा ससा टिपायला उत्तम, मध्ये एकवटलेला डोळा समोरचे स्थिर चित्र पाहायला जास्त सोयीचा. सोफ्यावरचा पग टीव्हीपुढे रमतो आणि ज्वारीच्या रानात वाढलेली कारवानी त्याकडे ढुंकून पाहत नाही, त्याचे एक कारण इथे असू शकेल. दुसरे कारण उघड आहे : कारवानीला काम असते.

जी कुत्री टीव्ही पाहतात ती मुख्यतः हालचाल पाहतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने कुत्र्यांच्या मालकांमध्ये केलेल्या पाहणीत पडद्यावरच्या इतर प्राण्यांना, त्यातही कुत्र्यांना, सर्वांत जास्त प्रतिसाद मिळाला. एमरी विद्यापीठात २०२२ मध्ये स्कॅनरमध्ये व्हिडिओ दाखवून मेंदूतल्या हालचालींवरून कुत्रा काय पाहतो हे ओळखण्याचा प्रयत्न झाला. ‘काय चालले आहे’ ते ओळखता आले, ‘कोण आहे’ ते नीट ओळखता आले नाही. कुत्री मात्र दोनच होती, हे ध्यानात ठेवावे. आकारही महत्त्वाचा. भिंतीवर माणसाएवढी प्रतिमा पाडून तिने बोट दाखवले तर कुत्री त्या दिशेला जातात, हे पीटर पोंग्राट्स यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवले. इटलीत पादुआ विद्यापीठातल्या कुत्र्यांनी माणसाच्या आकाराच्या छायाचित्रात मालकाचा चेहरा ओळखला. लिंबाएवढ्या चेहऱ्याबद्दल यावरून काही सिद्ध होत नाही. बोट कळण्यासाठी घरात वाढायलाच हवे असेही नाही : कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतल्या गटाने भारतातल्या रस्त्यावरच्या मोकाट कुत्र्यांना बोट दाखवून पाहिले, तेव्हा जवळ आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री दाखवलेल्या भांड्याकडे गेली.

कुत्र्यानेच मालकाला फोन लावावा असाही एक प्रयोग झाला. ग्लासगो विद्यापीठातल्या इलियेना हिर्स्की-डग्लस यांनी २०२१ मध्ये आपल्या झॅक या कुत्र्यासाठी एक चेंडू बनवला. तो हलला की घरच्या लॅपटॉपवरून त्यांना व्हिडिओ कॉल जाई. झॅकने बरेच कॉल लावले, पण त्यातले कितीतरी झोपेत चेंडूवर लवंडल्यामुळे लागल्यासारखे दिसले, आणि कॉल आला नाही की बाईंचाच जीव खालीवर होई.

अंगाची भाषा. आवाज आणि देह वेगवेगळे बोलू लागले की कुत्रा बहुधा देहाचे ऐकतो. हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. कुत्र्याने भाकर पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन ‘देवा, कोरडी खाऊ नका’ म्हणत मागे धावले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. भावार्थ बाजूला ठेवून कुत्र्याच्या बाजूने पाहिले, तर मागे धावणारा माणूस म्हणजे भाकर सोडवायला आलेला माणूस. शब्द कितीही गोड असोत, कुत्रे थांबले नसते.

नजर कुठे आहे हेही कुत्रे वाचते. लाइपझिगमध्ये २००३ साली योसेप काल, युलियाने कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी खाऊ जमिनीवर ठेवून कुत्र्यांना मनाई केली आणि खोलीत बसलेल्या माणसाचे वागणे बदलत नेले. माणूस पाहत असला की कुत्री बहुधा थांबत, शिवलेच तर आडवळणाने जात. तो पाठ करून, डोळे मिटून किंवा गेम खेळण्यात गुंतून बसला की ती जास्त खाऊ पळवत. पडद्यातला माणूस कोण हे कुत्र्याला नक्की कळो वा न कळो, पडद्यात गुंतलेला माणूस त्याला पक्का कळतो. बाजेवर ताट, ताटात भाकर, हातात फोन आणि फोनवर रील सुरू असले की बाजेखालचे कुत्रे आधी धन्याच्या डोळ्यांकडे पाहते आणि मग ताटाकडे.