विरळ झोत आणि संमीलनाची मोजणी

इसाओ तानिहाता आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली बर्कलीच्या त्वरकावर लिथियम-११ ची अणुकेंद्रके तपासली, तेव्हा त्यांचा आकार अपेक्षेपेक्षा भलताच मोठा निघाला. दोन वर्षांनी हान्सेन आणि जॉन्सन यांनी उलगडा केला: शेवटचे दोन न्यूट्रॉन इतके सैल बांधलेले की ते गाभ्याबाहेर दूरवर पसरतात. इथून वादाला तोंड फुटले. धनभारांच्या अपकर्षणाचा अडथळा ओलांडायला ही सैल झालर मदत करते, की वाटेतच केंद्रक फुटून संमीलन, म्हणजे दोन केंद्रकांचे एकत्र जुळणे, बारगळते? सिद्धांतवाल्यांत दोन तट पडले.

निकाल प्रयोगच लावणार होता, पण त्यासाठी अशा अस्थिर केंद्रकांचा कमी ऊर्जेचा, नेमका झोत हवा. बेल्जियममधल्या लुव्हँ-ला-नव्ह इथे १९८९ मध्ये तशी सोय झाली: एका त्वरकाने नायट्रोजन-१३ बनवायचा, दुसऱ्याने त्याला वेग द्यायचा. पुढे तिथेच युरेनियम-२३८ वर हेलियम-६ सोडले; त्यालाही दोन न्यूट्रॉनांची तशीच सैल झालर असते. संमीलन झाले की जड केंद्रक दुभंगते, म्हणजे विखंडन होते; अडथळ्याखालच्या ऊर्जेला अशी विखंडने भरपूर दिसली आणि संमीलन वाढल्याचा भास झाला. मात्र सोबत सुटणारे हेलियम-४ टिपल्यावर कळले, बहुतेक वेळा युरेनियमकडे नुसते दोन न्यूट्रॉनच गेले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो.

खरी गोची मात्र आकड्यांची. अस्थिर केंद्रकांच्या विरळ झोतात सेकंदाला १००० कण, दर चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम कार्बनचे लक्ष्य आणि १०० मिलिबार्न काटछेद (संमीलनाच्या शक्यतेचे माप) धरला, तर तासाला जेमतेम १८ संमीलने होतात. स्थिर केंद्रकांच्या झोतात कण अब्जावधी असतात, तिथे असला हिशेब कुणी करत बसत नाही. त्यात ऊर्जा बदलली की झोत पुन्हा जुळवा. पातळ पत्र्यांची चळत लावून एका झोतात अनेक ऊर्जा गाठण्याचा मार्ग होता, पण प्रत्येक पत्र्यागणिक ऊर्जा विस्कटत जाते.

अमेरिकेतल्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने मिथेन वायूलाच लक्ष्य केले आणि डिटेक्टरही. कण वायूतून जाताना हळूहळू मंदावतो आणि खालच्या पट्ट्यांवर ओळीने संकेत उमटवतो. कुठे संमीलन झाले की जड केंद्रक जास्त ऊर्जा सांडते, त्या पट्टीपासून संकेत उसळी घेतो. उसळी कुठल्या पट्टीवर, यावरून ऊर्जा कळते. कार्बन-१०, १४ आणि १५ यांचे कार्बन-१२ शी संमीलन या रीतीने मोजून २०१४ मध्ये जाहीर झाले. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या कवचातली ऊर्जानिर्मिती आणि क्ष-किरणांचे स्फोट यांच्या गणिताला अशाच आकड्यांची गरज होती.