चार्ज १०० टक्के, बॅटरी ६५ टक्के

पावसाळ्यात बातमी येते, ‘धरण १०० टक्के भरले’. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं, म्हणून भरलं. तळाशी किती गाळ बसलाय ते त्या आकड्यात दिसत नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या १०० टक्क्यांचंही तसंच आहे. तो आकडा चार्जचा. बॅटरीत आज मुळात मावतं किती, हा आकडा वेगळा. त्याला बॅटरी हेल्थ म्हणतात आणि तो मुद्दाम उघडून बघावा लागतो.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून स्लॅश आणि त्याला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की एक फाइल तयार होते. तिच्यात दोन ओळी शोधायच्या: डिझाइन कपॅसिटी (नवी असताना किती मावायचं) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज किती मावतं). माझ्या जुन्या लॅपटॉपवर पहिली ४१,०४० मिलीवॉट-अवर, दुसरी २६,६७६. म्हणजे ६५ टक्के. सरासरी ८ वॉट खर्च धरला तर नवा असताना पाच तास निघायचे, आता जेमतेम सव्वातीन. कोपऱ्यात मात्र रोज सकाळी १०० झळकतात! मॅकवर हे सिस्टिम सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावरच सापडतं.

हा गाळ कसला? लिथियम-आयन सेलमध्ये ग्रॅफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पापुद्रा धरतो आणि वापरागणिक जाड होत जातो. त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेत, आणि सतत १०० टक्क्यांवर ठेवल्याने, हे लवकर होतं. गादीवर ठेवून दिवसभर चार्जरला जोडलेला लॅपटॉप दोन्ही बाजूंनी मार खातो. धरणातला गाळ निदान उपसून शेतात टाकता येतो.

‘एकदा पूर्ण उतरव, मग भर, बॅटरी ताजी होते’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला. लिथियमची क्षमता त्याने परत येत नाही. सुधारतो तो फक्त हिशोब. बॅटरीतली चिप आत-बाहेर जाणारा करंट मोजून टक्के ठरवते आणि महिनोन्‌महिने पूर्ण चढ-उतार झाला नाही की तिचा अंदाज चुकत जातो. त्यामुळे २२ टक्के दिसत असताना लॅपटॉप पटकन बंद पडला तर एकदा पूर्ण उतरवून भरून बघायला हरकत नाही. तरीही तसाच बंद पडत राहिला, तर दोष बहुधा सेलमध्येच आहे.

याच्या उलटही घडतं. ऑफिसातल्या एकाचा लॅपटॉप ८० च्या वर चढेना. बॅटरी गेली म्हणून तो नव्या बॅटरीचे भाव विचारून आला. त्याचा रिपोर्ट काढला तर क्षमता ९४ टक्के. बॅटरी टिकावी म्हणून चार्जिंग ८० वर थांबवणारी सेटिंग कुणीतरी चालू करून ठेवली होती.