‘३० सेकंदांपर्यंत गाणं चालतं’ हे खरं नाही

रील बनवणाऱ्या प्रत्येकाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं: गाण्याचा ३० सेकंदांपेक्षा छोटा तुकडा वापरला तर कॉपीराइट लागत नाही. कुणी १० सेकंद सांगतं, कुणी ७.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. कलम ५२ मध्ये ‘रास्त वापर’ आहे, पण तो हेतूवर ठरतो: खासगी वापर, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. गाण्यातल्या एखाद्या जागेबद्दल बोलण्यासाठी ती ऐकवणं वेगळं आणि दुकानाच्या जाहिरातीखाली तोच तुकडा वाजवणं वेगळं. ओळखीचा मुखडा तर चार सेकंदांतही ओळखू येतोच. ‘श्रेय मूळ गायकाला’ असं खाली लिहिणं चांगलंच, पण ती परवानगी नव्हे. शिवाय चाल, शब्द आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळ्यांकडे असू शकतात.

लग्नाचं मात्र लोकांना उलटंच वाटतं. याच कलमात धार्मिक विधींना सूट आहे आणि वरात व लग्नाशी निगडित समारंभही त्यात स्पष्टपणे धरलेत. म्हणजे वरातीत गाणं बिनधास्त वाजवा. पण ही सूट तिथे वाजवण्यापुरती आहे. त्याच वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट यूट्यूबवर टाकला की प्रश्न नव्याने उभा राहतो.

गेम खेळतानाचं थेट प्रक्षेपण करणाऱ्या मुलांनीही हे लक्षात घ्यावं. गेम विकत घेतला म्हणजे त्यातल्या गाण्यांच्या प्रसारणाचा हक्क मिळत नाही. म्हणूनच काही गेमांच्या सेटिंगमध्ये अशी गाणी बंद करण्याची सोय दिलेली असते. ती वापरा.