हातचं राखून: रिसर्च पेपरमधलं ‘मे’, ‘माइट’ आणि ‘वी’

१९५३ च्या एप्रिलमध्ये ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर आला, जेमतेम पानभराचा, आणि त्याच्या शेवटाकडे एक वाक्य आहे ते मला फार आवडतं. मराठीत साधारण असं होईल: डीएनएतल्या घटकांची आम्ही मांडलेली ही ठरावीक जोडी बघितली की जनुकीय द्रव्याची नक्कल कशी होत असावी याची एक शक्यता लगेच सुचते, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. म्हणजे बघा, आनुवंशिकतेचं एवढं मोठं कोडं उलगडायला लागलं होतं आणि ही माणसं म्हणतायत काय, तर ‘नजरेतून सुटलेलं नाही’. क्रिकनी नंतर सांगितलं की ते वाक्य ही दोघांमधली तडजोड होती, त्यांना यावर सविस्तर लिहायचं होतं पण वॉटसनना धास्ती होती की रचनाच चुकीची निघाली तर काय, मग एका वाक्यात दावा नोंदवून ठेवला आणि बाकी सगळं हातचं राखलं. पाचच आठवड्यांनी, ३० मेला, दुसरा पेपर आला आणि त्यात मग मोकळेपणानं लिहिलं.

लिहिणारा आपल्याच म्हणण्यावर किती भार टाकतोय, त्यापासून किती अंतर ठेवतोय, स्वतः वाक्यात दिसतोय की लपतोय, या सगळ्याला भाषाविज्ञानात स्टान्स म्हणतात. आपण त्याला लेखकाचा पवित्रा म्हणू. पेपर म्हणजे फक्त कोरडी माहिती असं अनेकांना वाटतं, पण तसं अजिबात नाहीये, प्रत्येक वाक्यात लेखक वाचकाशी एक प्रकारची बोलणी करत असतो.

यातली सगळ्यात जास्त अभ्यासलेली गोष्ट म्हणजे हेज. हेज म्हणजे कुंपण, आणि हा शब्द या अर्थानं रुळला तो भाषावैज्ञानिक जॉर्ज लेकॉफ यांच्या १९७२ च्या लेखामुळे. त्यांचा मुद्दा असा होता की काही शब्द वाक्याचा अर्थ जरा धूसर करतात किंवा धूसरपणा कमी करतात. चिमणी पक्षी आहे यात कुणालाच शंका नसते, पण पेंग्विनबद्दल बोलताना आपण सहज ‘पेंग्विन तसा पक्षीच’ म्हणतो, तो ‘तसा’ म्हणजे हेज. आणि गंमत म्हणजे त्याच वाक्यातला ‘च’ बरोबर उलटं काम करतो, त्याला बूस्टर म्हणतात. ठासून सांगणारा. इंग्लिश पेपरमध्ये मे, माइट, परहॅप्स, सजेस्ट हे हेज, आणि क्लिअरली, ऑब्व्हियसली, डेमॉन्स्ट्रेट हे बूस्टर.

हेज म्हणजे भित्रेपणा हा गैरसमज आहे आणि मला तो मनापासून खटकतो. १६६१ मध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी प्रयोगांवरच्या आपल्या लेखांच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवलं की मी ‘कदाचित’, ‘असं वाटतं’, ‘हे असंभाव्य नाही’ असे शब्द सारखे वापरतो ते मुद्दाम, कारण प्रत्यक्ष बघितलेल्या गोष्टी ठामपणे सांगता येतात पण त्यामागची कारणं तितक्या ठामपणे सांगता येत नाहीत. वजनकाट्यावर जसं मोजमापाची चूक किती असू शकते ते लिहिलेलं असतं ना, तसं हे शब्दांतलं मोजमाप आहे.

आता हे मोजायचं कसं? भाषावैज्ञानिक केन हायलंड यांनी आठ विषयांतले २४० रिसर्च पेपर घेऊन त्यातले असे शब्द मोजले आणि २००५ मध्ये एक मॉडेल मांडलं. लेखकाच्या बाजूला चार गोष्टी, हेज, बूस्टर, ‘महत्त्वाचं’ किंवा ‘आश्चर्यकारक’ असे भावना दाखवणारे शब्द आणि स्वतःचा उल्लेख. वाचकाच्या बाजूला वेगळ्या, म्हणजे प्रश्न विचारणं, ‘लक्षात घ्या’ असं सांगणं, ‘आपल्याला माहीतच आहे’ असं म्हणून वाचकाला सोबत घेणं. मोजल्यावर दिसलं की तत्त्वज्ञान, समाजशास्त्र वगैरे विषयांत हे सगळं विज्ञान आणि इंजिनिअरिंगपेक्षा बरंच जास्त असतं. कारण समजण्यासारखं आहे, जिथे प्रयोगशाळेतलं यंत्र साक्ष द्यायला उभं नसतं तिथे लेखकाला स्वतःलाच उभं राहावं लागतं.

संस्कृतीचा प्रश्न इथून सुरू होतो आणि तिथे जरा जपून पावलं टाकायला हवीत. १९६६ मध्ये रॉबर्ट कॅपलन यांनी वेगवेगळ्या भाषांच्या लोकांची विचारांची वाट चित्रांनी दाखवली होती, इंग्लिशवाल्यांची सरळ रेघ, पूर्वेकडच्यांची आत आत जाणारी गोल गोल रेघ. चित्रं खूप गाजली, पण ती काढली होती परदेशी विद्यार्थ्यांनी इंग्लिशमध्ये लिहिलेल्या निबंधांवरून, म्हणजे शिकाऊ माणसाचं परभाषेतलं लिखाण बघून त्याच्या अख्ख्या संस्कृतीचं डोकं ओळखायचं! टीका झाली, आणि पुढे त्यांनी स्वतःच आपलं म्हणणं सौम्य केलं. १९८७ मध्ये जॉन हाइंड्स यांनी जास्त कामाचा प्रश्न विचारला की समजण्याची जबाबदारी कुणाची? इंग्लिशमध्ये लेखकानं सगळं उलगडून सांगायचं असतं, जपानीत बरंचसं वाचकानं समजून घ्यायचं असतं.

त्यानंतर लोक खरोखर मोजायला लागले. ग्वांगवेई हू आणि फेंग काओ यांनी २०११ मध्ये उपयोजित भाषाविज्ञानातल्या ६४९ पेपरांचे गोषवारे तपासले, तर इंग्लिश नियतकालिकांतल्या गोषवाऱ्यांमध्ये हेज चिनी नियतकालिकांपेक्षा ठळकपणे जास्त. त्याआधी १९९७ मध्ये हायलंड आणि मिल्टन यांनी हाँगकाँगच्या आणि ब्रिटनच्या विद्यार्थ्यांचं इंग्लिश लिखाण शेजारी शेजारी ठेवलं होतं, हाँगकाँगची मुलं जास्त ठासून लिहीत होती आणि त्यांच्याकडे शब्दही मोजकेच होते. मला यात मुलं उर्मट दिसत नाहीत, खात्रीच्या मधल्या छटा दाखवायला परक्या भाषेत त्यांच्याकडे शब्द नव्हते एवढंच दिसतं. मराठीत ‘झालं असेल’, ‘झालं असावं’, ‘झालं असणार’ यातला फरक आपल्याला कुणी शिकवत नाही, आपसूक येतो, पण इंग्लिशमध्ये लिहायला बसलं की या तिन्हींसाठी हाताशी एकच ‘मे’ येतो नाहीतर काहीच येत नाही. माझ्या पहिल्या पेपरवर एका रिव्ह्यूअरचा, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्याचा, शेरा होता की दावे पुराव्यापेक्षा मोठे आहेत, आणि मी मात्र मनातल्या मनात प्रत्येक वाक्य ‘असावं’ असंच म्हणून लिहिलं होतं. ते ‘असावं’ कागदावर उतरलंच नव्हतं.

अजून एक अडचण. इंग्लिश पेपरात ‘रिझल्ट्स सजेस्ट’ हे सर्रास चालतं, म्हणजे आकडेच बोलतात आणि माणूस मागे उभा राहतो. मराठीत ‘निकाल सुचवतात’ म्हटलं की कानाला खुपतं, आपण ‘निकालांवरून असं दिसतं’ म्हणतो. काम तेच, पण वाक्याचा कर्ताच वेगळा.

आणि ‘आय’चं काय? शाळेपासून ऐकलेलं असतं की शास्त्रीय लिखाणात ‘मी’ नको. हाँगकाँगच्या ६४ विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासले तेव्हा दिसलं की छापून येणारे संशोधक प्रथमपुरुष त्यांच्यापेक्षा चौपट वापरतात, आणि मुलं ‘मी’ वापरत होती तीसुद्धा उद्देश सांगताना वगैरे, स्वतःचा निष्कर्ष मांडायची वेळ आली की गायब. इरेना वासिलेवा यांनी १९९८ मध्ये पाच भाषांतले भाषाविज्ञानाचे पेपर बघितले, तिथे इंग्लिशमध्ये ‘मी’कडे ओढा आणि रशियन, बल्गेरियनमध्ये ‘आम्ही’कडे, एकच लेखक असला तरी.

एकट्या लेखकाच्या ‘आम्ही’वरून भौतिकशास्त्रात एक प्रसिद्ध किस्सा आहे. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन यांनी पूर्ण पेपर ‘वी’ लावून टाइप केला, मग सहकाऱ्यानं सांगितलं की या नियतकालिकात एकट्या लेखकाला ‘वी’ चालत नाही. तेव्हा टाइपरायटर, म्हणजे सगळं परत टाइप करायचं. त्यांनी आपल्या चेस्टर नावाच्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलार्ड या नावानं सहलेखक केलं आणि पेपर छापून आला.

एवढं सगळं वाचून ‘चिनी असे लिहितात, फ्रेंच तसे लिहितात’ अशी खूणगाठ बांधायचा मोह होतो. तिथे नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इंग्लिश, फ्रेंच आणि नॉर्वेजियन भाषांतले, अर्थशास्त्र, भाषाविज्ञान आणि वैद्यकातले मिळून ४५० पेपर त्यांनी तपासले, आणि उत्तर आलं की लेखक स्वतःला किती दाखवतो हे भाषेपेक्षा विषयावर जास्त अवलंबून असतं. फ्रेंच डॉक्टरचा पेपर फ्रेंच भाषावैज्ञानिकापेक्षा नॉर्वेजियन डॉक्टरच्या पेपरशी जास्त जुळतो. भाषेचा परिणाम आहे, पण तो दुसऱ्या नंबरवर.

आणि काळही बदलतो. २०१५ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या ऑनलाइन सूचीतल्या पेपरांची शीर्षकं आणि गोषवारे तपासले होते, ‘नॉव्हेल’, ‘इनोव्हेटिव्ह’, ‘रोबस्ट’ असे कौतुकाचे शब्द १९७४ ते १९८० मध्ये २ टक्के ठिकाणी होते, २०१४ मध्ये १७.५ टक्के. शोध अचानक नऊपट भारी झाले असतील असं मला वाटत नाही, स्पर्धा वाढली असणार. त्याच नियतकालिकात २०१९ मध्ये अजून एक अभ्यास आला, लेखकांच्या यादीतली पहिली आणि शेवटची दोन्ही नावं बायकांची असतील तर असे शब्द वापरले जाण्याची शक्यता १२.३ टक्क्यांनी कमी. म्हणजे पवित्र्यावर देशाची, भाषेची, विषयाची छाप असते तशी लेखक बाई आहे की पुरुष याचीही.

पुढच्या वेळी इंग्लिश पेपर वाचाल तेव्हा प्रत्येक ‘वी’जवळ थांबून बघा. इंग्लिशला एकच ‘वी’ पुरतो, मराठीत आपल्याला निवडावं लागतं. ‘वी मेजर्ड’ म्हणजे आम्ही मोजलं, त्यात वाचक नाही. ‘वी नो’ म्हणजे आपल्याला माहीत आहे, आणि इथे लेखकानं वाचकाला न विचारता आपल्या बाजूला घेतलेलं असतं. मी हल्ली मार्जिनमध्ये पेन्सिलनं ‘आम्ही’ की ‘आपण’ लिहीत जातो, आणि जिथे ‘आपण’ येतं त्या वाक्याचा पुरावा परत एकदा तपासतो.