क्रॉसओव्हर प्रयोगयोजना

एकाच प्राण्याला, रुग्णाला किंवा शेताच्या तुकड्याला ठरावीक काळ एक उपचार, मग दुसरा, मग तिसरा असे क्रमाने देऊन त्या उपचारांची तुलना करण्याची सांख्यिकीय पद्धत. खाद्य, खत, औषध यांपैकी काहीही येथे ‘उपचार’ ठरते. दोन गायींच्या दुधात मुळातच मोठा फरक असतो. प्रत्येक गाय स्वतःशीच ताडून पाहिली की तो फरक प्रयोगत्रुटीतून (उपचारांशी संबंध नसलेल्या चढउतारांतून) बाहेर पडतो आणि थोड्या जनावरांत काम भागते. मात्र वेत पुढे सरकते तसे दूध उतरत जाते. शिवाय आधीच्या खाद्याचा अंमल पुढच्या कालखंडातही राहू शकतो. यालाच अवशिष्ट परिणाम म्हणतात.

पद्धतीच्या उगमाबद्दल एकमत नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात जॉन लॉज यांनी ब्रॉडबॉक शेतातील 17 व 18 क्रमांकांच्या तुकड्यांना अमोनियाची लवणे व खनिज खते आलटून पालटून दिली. हा क्रम साधारण 1850 नंतर लगेच सुरू झाला असावा. अमोनियाचा गुण पुढच्या गव्हापर्यंत फारसा टिकत नाही, खनिजांचा टिकतो, असे त्यातून दिसले. काही अभ्यासक यालाच पहिला क्रॉसओव्हर मानतात. पण त्यात यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) वाटप नव्हते आणि तुकडे दोनच होते. दुसरा दावा कुश्नी व पीबल्स यांच्या 1905 मधील झोपेच्या औषधांवरील प्रयोगाचा. त्यातील 10 रुग्णांचे आकडे ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या सांख्यिकीतज्ज्ञाने 1908 मध्ये वापरले म्हणून तो गाजला (औषधांची नावे मात्र स्टुडंटच्या लेखात चुकली आहेत). अवशिष्ट परिणाम वेगळा काढण्याची सोय योजनेतच करणे ही कसोटी लावली, तर कॉक्रन, ऑट्री व कॅनन यांचा दुभत्या गायींच्या खाद्यावरील 1941 चा लेख अधिक ग्राह्य वाटतो.

विल्यम्स यांनी 1949 मध्ये या योजनांना सर्वसाधारण रूप दिले. चार उपचारांसाठी चार गायींचे क्रम असे: अबडक, बकअड, कडबअ, डअकब. प्रत्येक उपचार प्रत्येक कालखंडात एकदा येतो आणि इतर प्रत्येक उपचारानंतर नेमका एकदाच येतो. उपचारांची संख्या सम असेल तर असा एक लॅटिन चौरस (प्रत्येक उपचार प्रत्येक ओळीत व स्तंभात एकदाच येणारी मांडणी) पुरतो, विषम असेल तर सामान्यतः दोन लागतात. मात्र एका 4×4 चौरसात एकूण स्वातंत्र्यमात्रा (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) 15. गायी, कालखंड, थेट परिणाम व अवशिष्ट परिणाम यांना प्रत्येकी 3 गेल्या की त्रुटीसाठी 3 उरतात; एवढ्यावर कोणतीही कसोटी विश्वासार्ह ठरत नाही. म्हणून चौरसाची पुनरावृत्ती करतात. आठ गायी घेतल्या आणि कालखंडांचा परिणाम दोन्ही चौरसांत समान धरला, तर त्रुटीला 15 मात्रा मिळतात. एकाच कालखंडात दूध अनेकदा मोजले तरी त्या नोंदी परस्परस्वतंत्र नसतात. सरासरी घेणे हा त्यावरचा साधा उपाय.

दोन उपचार व दोन कालखंड यांच्या योजनेवर बराच वाद झाला. ग्रिझल यांनी 1965 मध्ये सुचवले, की आधी अवशिष्ट परिणामाची कसोटी 10 टक्के पातळीवर घ्यावी आणि तो आढळला तर फक्त पहिल्या कालखंडाची तुलना वापरावी. ही रीत बरीच वर्षे चालली. फ्रीमन यांनी 1989 मध्ये दाखवले, की या दोन कसोट्या परस्परसंबद्ध आहेत: पहिलीने योगायोगाने अवशिष्ट परिणाम असल्याचे दाखवले, की पहिल्या कालखंडातला फरकही फुगलेला असण्याची शक्यता वाढते, आणि खोट्या निष्कर्षाचे प्रमाण ठरवलेल्या पातळीच्या वर जाते. त्यानंतर पूर्वकसोटी मागे पडली. दोन उपचारांमध्ये पुरेसा मोकळा (उपचाराविना) काळ ठेवावा, हेच मत आता रूढ आहे व ते योग्यही दिसते.

जेनेरिक औषध मूळ औषधाइतकेच रक्तात पोहोचते का हे पाहणाऱ्या जैवसमतुल्यता चाचण्यांत हीच योजना प्रमाण मानतात. मोकळा काळ औषधाच्या किमान पाच अर्धायुष्यांइतका (अर्धायुष्य म्हणजे रक्तातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ) ठेवतात आणि दोन्ही औषधांच्या रक्तातील प्रमाणाच्या सरासरींच्या गुणोत्तराचे 90 टक्के विश्वासांतर (खरे गुणोत्तर ज्यात असण्याची खात्री धरतात ती मर्यादा) 80 ते 125 टक्क्यांत बसावे लागते. बरा होऊन संपणारा आजार, उदाहरणार्थ हिवताप, या योजनेत बसत नाही. दुसऱ्या उपचाराच्या वेळी रुग्ण मूळ स्थितीत नसतो.